वाचले व मला समजले

"किती वजा झालं म्हणायचं, बाई?"

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या कोर्टात व्हरांड्याच्या पायरीवर बसलेल्या एका आजोबांनी मला हे विचारलं, तेव्हा माझ्या वकिलीच्या सनदेला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. पावसाळ्याचे दिवस होते. कणकुंबीकडच्या बसमधून उतरलेली माणसं ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून पुकाऱ्याची वाट बघत होती. आजोबांच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात चार घड्या घातलेला एकच कागद होता. मी त्यांची वकील नव्हते. काळा कोट दिसला म्हणून त्यांनी विचारलं, एवढंच.

कागद कन्नडमधला होता आणि शेवटच्या ओळीत 'दावे वजा' असं होतं. कन्नडमध्ये कोर्टाच्या भाषेत वजा म्हणजे काढून टाकला, फेटाळला. कुणीतरी वाचून दाखवताना तेवढा एक शब्द आजोबांच्या ओळखीचा निघाला आणि चौथीपर्यंत शिकलेल्या वजाबाकीप्रमाणे त्यांनी त्याचा अर्थ लावला. दावा दोन एकर दहा गुंठ्यांचा. त्यातले काही गुंठे कोर्टाने वजा केले असणार आणि राहिलेले कधीतरी मोजून देणार. अकरा महिने ते सर्व्हेअरची वाट बघत होते.

त्या तारखेला ना ते हजर होते, ना त्यांचे वकील. गैरहजेरीत काढून टाकलेला दावा पुन्हा बोर्डावर घ्यायचा तर 30 दिवसांत अर्ज द्यावा लागतो. त्यानंतर आलात तर उशीर माफ करा म्हणून आणखी एक अर्ज, आणि त्यात उशिराचं पटेल असं कारण. एका शब्दाचा अर्थ मी माझ्या भाषेत लावला, हे कारण कागदावर कसं मांडायचं?

"सगळंच वजा झालंय, आजोबा," मी म्हटलं.

त्यांनी कागदाची पुन्हा चार घड्यांत घडी केली, पिशवीत घातला, पिशवीचं तोंड पिळून गाठ मारली आणि छत्री तिथंच विसरून ते बसस्टँडकडे चालू लागले. मी धावत जाऊन छत्री दिली. माझ्या हातून त्यांचं काम झालं ते तेवढंच.

पुढे स्वतःचं ऑफिस थाटल्यावर मी वाटणीच्या दाव्यावर सोळा पानांची एक पुस्तिका लिहिली, ती याच आठवणीतून. शहापुरातल्या एका छोट्या प्रेसमध्ये छापली, टाइप मोठा घेतला, चष्मा घरी विसरलेल्यालाही वाचता यावा असा. दावा म्हणजे काय, समन्स हाती आल्यावर काय करायचं, कैफियत म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, मुद्दे म्हणजे कोर्टाने ठरवायचे प्रश्न, सरतपास म्हणजे आपल्याच बाजूने होणारी साक्ष, मग उलटतपास, निकाल, अपील. प्रत्येक टप्प्याला पक्षकाराने काय करायचं आणि वकिलाने काय करायचं. वकीलपत्रावर सही झाली की ही पुस्तिका मी पक्षकाराच्या हातात देते. द्यावी की नाही, कशी द्यावी आणि तिच्यात काय असू नये, यावर गेली कित्येक वर्षं बार रूममध्ये माझं बोलणं होत आलंय. बरंचसं बोलणं माझं माझ्याशीच होतं. ते आज लिहून काढते.

बेळगावात वकिली करायची म्हणजे दोन भाषांच्या बांधावरून चालायचं. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे पक्षकार ट्रंकेतून काढून आणतो ती खरेदीखतं, बक्षीसपत्रं, वाटणीपत्रं मराठीत, फार जुनी असली तर मोडी लिपीत. आजचा उतारा कन्नडमध्ये. दाव्याचे कागद कन्नडमध्ये, नाहीतर इंग्रजीत. सीमेचा दावा महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात घातला, त्यामुळे तारीख म्हणजे काय हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही समजावून द्यावं लागत नाही. पण त्या तारखेला आत कोर्टात काय चालतं, हे वीस वर्षं तारखा केलेल्या माणसालाही कुणी धड सांगितलेलं नसतं.

म्हणून पुस्तिकेचं मधलं जोडपान शब्दांचं आहे. एका बाजूला मराठी, समोर कन्नड शब्द देवनागरीत. निकाल म्हणजे तीर्पु, उलटतपास म्हणजे पाटी सवालु. कैफियत दोन्हीकडे कैफियतच. परका शब्द आला की माणूस निदान थांबून विचारतो. घात करतात ते दोन्हीकडे सारखे ऐकू येणारे शब्द. 'वजा' पहिला, आणि दुसरा 'तकरारु'. समोरच्याच्या अर्जावर आपली हरकत लेखी द्यायची, तिला कन्नडमध्ये तकरारु म्हणतात. माझ्या एका पक्षकाराला पुढची तारीख 'तकरारु'साठी आहे असं कळलं आणि त्याने भावाविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार देऊन टाकली. दावा चालू असतानाही गणपतीला एकाच आरतीला उभी राहणारी दोन घरं त्या दिवसापासून बोलेनाशी झाली. त्याला दोष कसा देऊ? हरकतीसाठी तारीख आहे असं मी साध्या मराठीत सांगितलं नव्हतं. घाईत, फाईल मिटता मिटता, कोर्टात जो शब्द वापरतो तोच त्याच्यासमोर बोलून गेले होते.

'मराठीतच का?' असंही मला विचारलं गेलं. ज्या गावात दुकानाच्या पाटीवरून वाद होतात, तिथं हा प्रश्न येणारच. माझं उत्तर साधं आहे. कोर्टाची भाषा काय असावी याबद्दल त्या पुस्तिकेत एक ओळही नाही. माझ्या पक्षकाराला त्याच्याच दाव्यात काय चाललंय ते कळावं, एवढंच तिचं काम. कन्नड रकाना माझ्या एका कन्नडभाषक सहकाऱ्याने दोन संध्याकाळी बसून तपासून दिला. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या त्याच्या पक्षकारांनाही इंग्रजी हुकूम तितकेच बंद असतात हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं, आणि आज त्याची कन्नड पुस्तिका माझ्यापेक्षा दोन पानांनी मोठी आहे. साक्ष एका भाषेत दिली आणि लिहून घेतली दुसऱ्या भाषेत, तर ती भाषा न कळणाऱ्या साक्षीदाराला लिहिलेलं त्याच्या भाषेत समजावून सांगायचं, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 18 व्या ऑर्डरमध्ये नियम 6 म्हणून स्पष्ट आहे. ते वाक्य आम्ही दोघांनीही ठळक छापलंय. सही करण्याआधी समजावून मागा, लाजू नका.

पहिली हरकत आली ती जाहिरातीची. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत 36 वा नियम आहे: वकिलाने काम मिळवण्यासाठी जाहिरात करायची नाही. परिपत्रकं वाटायची नाहीत, दलाल नेमायचे नाहीत, आडवळणानेही नाही. नावाची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. 2008 मध्ये वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढी ठरावीक माहिती द्यायला मोकळीक मिळाली. बाकी नियम तसाच आहे, आणि तो असावा असंच मला वाटतं. दुखणाईत माणसासमोर जसा औषधाचा बाजार मांडू नये, तसा भांडणात सापडलेल्यासमोर वकिलीचा मांडू नये. माझ्या पहिल्या छपाईत मुखपृष्ठावर माझं नाव होतं, हुद्दा होता, खाली ठळक अक्षरांत फोन नंबर. एका ज्येष्ठ वकिलांनी ती हातात घेऊन पालथी केली आणि म्हणाले, "आतलं चांगलं आहे. पण बाहेरून हे जाहिरातीचं पत्रक दिसतं." मला राग आला होता. घरी येऊन पुन्हा बघितली, तर ते खरं बोलत होते.

नाव काढून टाकावं तर लिहिलेल्याची जबाबदारी कुणाची? बिननावाचा कागद चुकला तर पक्षकाराने जाब कुणाला विचारायचा? शेवटी छापील नाव काढलं. आता आतल्या पानावर मी पक्षकाराचं नाव, दाव्याचा नंबर आणि तारीख पेनाने लिहिते, खाली सही करते. सही करायला पुस्तिका समोर घ्यावी लागते, समोर घेतली की समोरच्याकडे बघावं लागतं. दवाखान्यात, देवळात, दस्त लिहून देणाऱ्या बाँड रायटरच्या टेबलावर ती कुठंही ठेवलेली नाही.

तरी ती फिरतेच. झेरॉक्स निघते. संकेश्वरच्या बाजूचा एक माणूस माझ्या पुस्तिकेची झेरॉक्स घेऊन आला, मेव्हण्याकडून मिळालेली. त्याच्यावर प्रॉमिसरी नोटेवरून पैशाचा दावा झाला होता, ज्याला समरी, म्हणजे झटपट चालणारा दावा म्हणतात तसला. माझ्या पुस्तिकेत कैफियतीला 30 दिवस असं लिहिलेलं होतं, म्हणून तो निवांत चोविसाव्या दिवशी आला. समरी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. धावपळ करून उशीर माफ करून घेतला, पण बचावाची परवानगी मिळाली ती रक्कम कोर्टात भरण्याच्या अटीवर. त्या वर्षीचं त्याचं उसाचं बिल त्यात गेलं. तो माझा पक्षकार नव्हता, ती पुस्तिका त्याच्यासाठी नव्हती. नियमाच्या भाषेत माझी चूक कुठंच नव्हती. पण ते 30 माझ्या हातचे होते. तेव्हापासून प्रत्येक पानाच्या तळाशी 'फक्त वाटणीच्या दाव्यासाठी' असं छापते, आणि समन्सच्या पानावर दिवसांचा आकडा देत नाही. 'समन्स हाती आलं की त्याच आठवड्यात वकिलाकडे जा,' एवढंच.

उलटतपासाच्या पानाने मला जे शिकवलं ते त्याहून वाईट वेळेला शिकवलं.

पहिल्या पुस्तिकेत त्या पानावर मी नमुन्याचे प्रश्न दिले होते, आणि खाली एक सूचना: 'नक्की आठवत नसेल तर आठवत नाही असं सांगायला लाजू नका.' सूचना चांगलीच होती. भीतीपोटी माणसं अंदाजाने तारखा ठोकून देतात आणि मग खरी बाजू खोटी ठरते, हे मी पाहिलेलं होतं. निपाणीकडचा एक तंबाखूचा शेतकरी माझा पक्षकार होता. पन्नाशीचा, शेतात वाघासारखा वावरणारा माणूस. पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याच्या हाताला कंप सुटला. समोरचे वकील जुने, आवाज न चढवणारे.

"तुमच्या वडिलांना भाऊ किती?"

"आठवत नाही."

"तुम्ही स्वतः भाऊ किती?"

"आठवत नाही."

कोर्टात शांतता झाली. समोरच्या वकिलांनी चष्मा काढून हातात घेतला आणि अगदी हळू विचारलं, "असं सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात हाय की," म्हणत त्याने शर्टाच्या आतून माझी पुस्तिका काढली. घामाने मुखपृष्ठ ओलं झालं होतं.

मी उठले. वकील आणि पक्षकार यांच्यातलं बोलणं गोपनीय असतं, तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम 126, आता भारतीय साक्ष्य अधिनियमातलं 132, हे तोंडाशी आलं होतं. आणि उभ्या उभ्याच मनात आलं की जे मी प्रत्येक पक्षकाराला देते त्यात गुपित कसलं? ते या वकिलांनी वाचू नये असं मला का वाटतंय? मी हरकत न घेता खाली बसले. त्यांनी ते पान वाचलं, पुस्तिका मिटून माझ्या टेबलावर ठेवली आणि पुन्हा साक्षीदाराकडे वळले. "काका, पाणी प्या. आता सांगा, भाऊ किती?" "तीन." "थोरल्याचं नाव?" पुढची सगळी उत्तरं सरळ आली.

त्या वकिलांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी मनात आणलं असतं तर 'पढवलेला साक्षीदार' या दोन शब्दांत माझ्या पक्षकाराचा दावा आणि माझी अब्रू दोन्ही संपवली असती. आणि मला खरंच विचारलं असतं की तुम्ही पढवलंत का, तर काय सांगणार होते? एक खोटं वाक्य मी लिहिलं नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाच्या हाती तयार वाक्य दिलं की तो त्याचा अर्थ बघत नाही, ते बुडत्यासारखं धरून ठेवतो. साक्ष कशी होते ते सांगणं आणि साक्षीत काय बोलायचं ते सांगणं यांत फरक आहे असं आम्ही वकील मोठ्या खात्रीने म्हणतो. ऑफिसातल्या खुर्चीत बसून तो फरक दिसतो. पिंजऱ्यात उभ्या असलेल्याला तो दिसत नाही.

नमुन्याचे प्रश्न मी त्याच आठवड्यात काढले. आता त्या पानावर कोण कुठं उभं असतं, आधी कोण विचारतं, टाइप कोण करतं, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा म्हणता येतं, पाणी मागता येतं, एवढंच आहे. 'आठवत नाही'ची सूचना मी प्रत्येकाला तोंडी सांगते, कारण तोंडी सांगताना समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं की त्याने ती कशी घेतली. आणि पुस्तिकेची नवी छपाई प्रेसला जाण्याआधी मी ती नेहमी विरुद्ध बाजूला उभ्या राहणाऱ्या एखाद्या वकिलाला वाचायला देते. त्यांच्यासमोर टेबलावर ठेवताना ज्या ओळीशी माझा हात आखडेल, ती ओळ छापत नाही.

पैशाचं पान लिहिताना मला सगळ्यात जास्त दिवस लागले. फी जमिनीच्या हिश्शावर ठरवता येत नाही, दावा जिंकला तर इतके असा करार वकिलाला करता येत नाही. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. फी थकली म्हणून वकिलाला तुमची फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितलंय. ही तीन वाक्यं छापल्याबद्दल मला ऐकून घ्यावं लागलं. "पक्षकाराला एवढं शहाणं करून ठेवलंस तर तो तुझ्याच डोक्यावर बसेल." बसले काहीजण. दाव्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख देऊ नये असं संहितेच्या 17 व्या ऑर्डरमध्ये आहे, आणि मी ते पुस्तिकेत घातलंय. अनगोळच्या एका मुलाने ते पान उघडून माझ्यापुढे धरलं. "मॅडम, गेल्या दोन तारखा कुणी मागितल्या? त्यांनी, का तुम्ही?" दोन्ही मी मागितल्या होत्या. एक आजारपणामुळे, दुसरी दुसऱ्या कोर्टात मोठं काम होतं म्हणून. मी तसं सांगितलं. सांगताना कान गरम झाले. पुढची तारीख मी चुकवली नाही.

किती वर्षं लागतील, हे पान पहिल्यांदा गुळमुळीत होतं. 'कालावधी परिस्थितीनुसार बदलतो.' असं लिहिणं म्हणजे न लिहिणंच. आता लिहिलंय की माझ्याकडच्या वाटणीच्या दाव्यांत सगळ्यात लवकर संपला तो चार वर्षांत, तोही तडजोडीने, आणि एक सतरा वर्षं झाली, चालू आहे. निकाल लागला म्हणजे जमीन हाती आली असं नाही, हेही. आधी प्राथमिक हुकूमनामा, त्यात फक्त हिस्से ठरतात. मग अंतिम हुकूमनाम्याचं काम, शेतजमीन असेल तर महसूल खात्याकडून मोजणी, सरस-निरस म्हणजे चांगल्या-हलक्या जमिनीचा मेळ, ताबा. लोक पहिल्या निकालाला पेढे वाटतात आणि दोन वर्षांनी विचारतात, आम्ही जिंकलो होतो ना? आधीच सांगितलेलं असलं तर निदान ती फसवल्याची भावना येत नाही.

पण खऱ्या माहितीचाही भार असतो, आणि तो सगळ्यांना सारखा झेपत नाही. वर्षांचं आणि खर्चाचं पान वाचून एक बाई पुन्हा आलीच नाही. काही महिन्यांनी कळलं, तिने भावांना हक्कसोडपत्र करून दिलं. भावांनी साडी-चोळी केली म्हणे. तिने समजून उमजून नातं निवडलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या दोन पानांनी घाबरून तिने हक्क सोडला असेल तर? ज्याच्याकडे पैसा आहे त्याला ते पान वाचून काही होत नाही. ज्याच्याकडे नाही त्याचं पाऊल तिथंच मागं येतं. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, कायदा सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्याच्या कलम 12 मध्ये ते आहे, आणि माझ्या पुस्तिकेतही ते होतं. तेराव्या पानावर. खर्चाचं पान होतं पाचवं. ती तेराव्या पानापर्यंत पोचलीच नसणार. आता ती ओळ पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर आहे. पान हलवायला प्रेसवाल्याला दहा मिनिटं लागली.

आता एका पावतीबद्दल.

पुस्तिकेच्या शेवटी काही काळ एक फाडून घ्यायची पावती होती. 'वरील सर्व मी वाचले व मला समजले.' खाली सही आणि तारीख. उद्या कुणी बार कौन्सिलकडे तक्रार केली की वकिलांनी काही सांगितलंच नाही, तर हाताशी पुरावा असावा, असा सल्ला मिळाला होता. सल्ला वेडावाकडा नव्हता, मी तो मानला. दोन वर्षांत सत्तरएक पावत्या जमल्या. दिवाळीच्या सुट्टीत कपाट आवरताना मी त्या नंबरवार लावत होते. मधेच एका पावतीवर सहीच्या जागी निळा अंगठा होता.

'वरील सर्व मी वाचले व मला समजले', आणि त्याखाली अंगठा. कडा फिसकटलेल्या, मधल्या रेषा अर्ध्या झिजलेल्या, भात लावून आणि भांडी घासून झिजतात तशा. पावती माझ्याच ऑफिसात, माझ्याच शाईच्या पॅडवर झाली होती. कारकुनाने हात धरून अंगठा उठवला असेल, पण वकील मी होते. वाचता न येणाऱ्या बाईकडून वाचलं असं लिहून घेतलं होतं, आणि ते तिच्या भल्यासाठी नव्हतं, माझ्या बचावासाठी होतं. पुस्तिका ज्यांच्यासाठी लिहिली ते पायरीवरचे आजोबा, त्यांच्याही हातात अशीच एक ओळ देऊन मी मोकळी झाले असते. त्या रात्री मी सगळ्या पावत्या काढून टाकल्या. पुढच्या छपाईत ते पान कोरं सोडलं.

ज्यांचा तो अंगठा होता त्या आजी खानापूर तालुक्यातल्या माहेरच्या, दिलेल्या चंदगडकडे. लग्न होऊन पन्नास वर्षं झालेली. कर्नाटकाने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला तो त्या वेळी लग्न न झालेल्यांना, त्यामुळे त्यांच्या वाट्याला काही आलं नाही. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्न झालेल्या मुलींनाही जन्मतः हक्क मिळाला. तरी वडील आधीच वारलेले, म्हणून भाऊ म्हणत राहिले की तुला लागू नाही. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न मिटवला: 2005 ची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही. त्यानंतर आजींनी दावा घातला. भावाच्या ताटात हात घातला, असं गावात बोलणाऱ्यांनी बोलून घेतलं. आजी तारखेला एकट्या येतात, सीमा ओलांडून दोन बस बदलून, सोबत भाकरी बांधून.

दिवाळीनंतरच्या तारखेला मी त्यांना ऑफिसात बसवलं आणि पुस्तिका पहिल्या पानापासून मोठ्याने वाचली. सोळा पानांना अडीच तास लागले, कारण त्या दर चार ओळींनी थांबवत. मुद्दे म्हणजे काय, कोण काढतं? मनाई हुकूम मोडला तर कुणाला सांगायचं? लोक अदालतीत तडजोड केली की पुन्हा अपील नाही, हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. "म्हंजे तिथं सही करताना नीट बघूक हवं." तेच मी तिथं चार ओळींत लिहिलं होतं. त्यांचं एका ओळीतलं म्हणणं जास्त उपयोगाचं होतं.

शेवटचं कोरं पान आलं तशी मी पुस्तिका मिटली.

"झालं?"

"झालं, आजी."

"आणि मी मधेच मेलो तर?"

सोळा पानांत ते कुठंही नव्हतं. सतरा वर्षं चालणाऱ्या दाव्याबद्दल लिहिताना, सत्तरीच्या बाईच्या हातात ती पुस्तिका देताना, हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी सांगितलं. दावा संपत नाही. वारसांची नावं लावायला कोर्टात अर्ज द्यायचा, 90 दिवसांत. ते दिवस गेले तर दावा पडतो आणि मग तो उभा करायला वेगळे अर्ज लागतात. म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं की मला तातडीने कळवा, माझा नंबर कुठं आहे, फाईल कुठं आहे. दोन मुली आणि एक मुलगा, तिघांचीही नावं लागतात.

"मग ते लिवून ठेवा की तिथं. जागा हाय न्हवं."

मी पेन काढलं आणि कोऱ्या पानावर वरून लिहायला सुरुवात केली. वारस, असं लिहून खाली रेघ मारली. सवयीने मुलाचं नाव विचारलं. आजींनी पुढे वाकून कागदावर, रेघेच्या बरोबर खाली, बोट ठेवलं.

"थोरलीचं आधी लिवा."